आयव्हीएफपूर्वी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सर्वांनाच लागते का?

‘टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराआधी दुर्बिणीतून एकदा आत पाहून घ्यावेच लागते’ हा समज अनेक वर्षे टिकून आहे. एंडोमेट्रिऑसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) खात्रीचे निदान लॅप्रोस्कोपीनेच, म्हणजे पोटात दुर्बीण घालूनच, होते असे मानले जाई, तेव्हा त्याला काही आधार होता. परंतु २०२२ साली प्रजननवैद्यकाच्या युरोपीय संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत तिला निदानाची अंतिम कसोटी मानणे सोडले. गर्भाशयात दुर्बीण घालून केल्या जाणाऱ्या हिस्टेरोस्कोपीबाबतही, ‘लॅन्सेट’ने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, सोनोग्राफी निर्दोष असलेल्या स्त्रियांना ती सरसकट केल्याने मूल होण्याचे प्रमाण वाढले नाही.

आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज थेट अंडाशयातून काढले जाते आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडला जातो, त्यामुळे गर्भनलिका बंद आहेत की मोकळ्या, हा प्रश्न बहुधा गौण ठरतो. महत्त्वाचा अपवाद पाणी भरून फुगलेल्या नलिकेचा आहे: तिच्यातील द्रव गर्भाशयात उतरून गर्भ रुजण्यात अडथळा आणतो, म्हणून ती आधीच काढणे किंवा बंद करणे हिताचे असते. सोनोग्राफीत पॉलिप (गर्भाशयाच्या अस्तरावरील लहान वाढ) दिसणे, तीव्र वेदना किंवा आपल्याकडे आवर्जून विचारात घ्यावा लागणारा जननमार्गाचा क्षयरोग, हीदेखील सबळ कारणे आहेत. अंडाशयावरील चॉकलेट सिस्टची, म्हणजे एंडोमेट्रिऑसिसमुळे होणाऱ्या, जुन्या रक्ताने भरलेल्या गाठीची शस्त्रक्रिया मात्र फार जपून ठरवावी, कारण गाठीबरोबर निरोगी स्त्रीबीजांचा साठाही घटू शकतो, आणि तो परत मिळत नाही.