मॅसासॉगा, पूर्वेकडील

उत्तर अमेरिकेतील ओलसर प्रेअरी (गवताळ मैदाने) व पाणथळींत राहणारा लहान विषारी साप. शास्त्रीय नाव सिस्ट्रुरस कॅटेनॅटस. तो क्रोटॅलिनी उपकुलातील असून सह्याद्रीतील चापडाही याच उपकुलात मोडतो. डोळा व नाकपुडी यांमधील उष्णतासंवेदी खाच दोघांतही आढळते. मॅसासॉगाच्या शेपटीला मात्र खुळखुळा असतो. लांबी साधारणतः ५०–७५ सेंमी. डोक्यावरील नऊ मोठ्या खवल्यांमुळे तो क्रोटॅलस प्रजातीतील खुळखुळ्या सापांपासून वेगळा ओळखता येतो.

‘मॅसासॉगा’ हा शब्द ओजिब्वे भाषेतील, ‘मोठे नदीमुख’ अशा अर्थाचा मानला जातो. नदीमुखाजवळच्या दलदलीत हा साप आढळत असल्याने ही व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. शास्त्रीय नावाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. निसर्गशास्त्रज्ञ राफिनेस्क यांनी १८१८ मध्ये त्याचे वर्णन केले, पण मूळ स्थान म्हणून मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यातील प्रेअरीचा उल्लेख केला. तो प्रदेश पश्चिमेकडील मॅसासॉगाचा. पूर्वेकडील व पश्चिमेकडील साप एकाच जातीचे समजले जात तोवर अडचण नव्हती. २०११ मधील रेणवीय अभ्यासाने ते भिन्न जातींचे ठरवले, तेव्हा ‘कॅटेनॅटस’ हे नाव काटेकोर नियमाने पश्चिमेकडे जाण्याची वेळ आली. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने २०१३ मध्ये नवे प्रमाण-नमुने (ज्यांच्याशी जातीचे नाव जोडलेले असते ते नमुने) नेमून पूर्वेकडील जातीचे रूढ नाव कायम ठेवले. पश्चिमेकडील जातीस टर्जेमिनस म्हणतात. संवर्धनाचे कायदे व नोंदी रूढ नावानेच झाल्या असल्याने हा निर्णय अधिक सोयीचा ठरला.

प्रसार ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या परिसरात, कॅनडातील आँटॅरिओपासून अमेरिकेतील आयोवापर्यंत, तुटक तुटक आहे. मिशिगनमध्ये तो त्यातल्या त्यात टिकून आहे. मुख्य भक्ष्य व्होल (उंदरासारखा प्राणी) व इतर लहान कृंतक (कुरतडणारे प्राणी). मादी उन्हाळ्याच्या अखेरीस पिलांना जन्म देते. पुष्कळ ठिकाणी एक वर्ष सोडून.

हिवाळा तो बहुधा क्रेफिश या गोड्या पाण्यातील कवचधारी प्राण्याच्या बिळात, भूजलाच्या पातळीलगत एकट्याने काढतो. पाण्यामुळे बिळाचा तळ गोठत नाही. नेमकी इथेच त्याची नाजूक बाजू आहे : चर खणून किंवा जलाशय उतरवून हिवाळ्यात पाणी खाली नेले, तर बिळातला साप गारठून मरतो. शेतीसाठी झालेला दलदलींचा निचरा, रस्ते, माणसाकडून होणारी हत्या व बुरशीजन्य त्वचारोग ही ऱ्हासाची इतर कारणे. अमेरिकेने २०१६ मध्ये त्याला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली संरक्षण दिले. प्रेअरीत झुडपे माजू नयेत म्हणून गवत जाळावे लागते. ती जाळणी साप बिळाबाहेर येण्यापूर्वी उरकणे अत्यावश्यक आहे.