गुन्ह्याची भीती मोजणारा प्रश्न आला कुठून?

ऊस डोक्याच्या वर गेला असताना कराड किंवा शिराळा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर विचारून बघा : 'अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर पडायला भीती वाटते का?' 'वाटते की!' पण कुणाची? चोराची की बिबट्याची? प्रश्नात गुन्ह्याचं नावच नाही. तरीही जगभरच्या पाहण्यांनी गुन्ह्याची भीती मोजली ती बहुतेक याच धाटणीच्या प्रश्नानं.

सुरुवात अमेरिकेतली. अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये गुन्हेगारीवर आयोग नेमला. पोलिसांपर्यंत न पोचलेले गुन्हे शोधायला त्या आयोगासाठी सुमारे १०,००० घरांची पाहणी झाली, आणि लोकांची भीतीही मोजली जाऊ लागली. ब्रिटननं १९८२ मध्ये अशीच पाहणी सुरू केली. तिथं एक कोडं पुढं आलं : गुन्ह्यांचे बळी जास्त करून तरुण पुरुष, घाबरतात मात्र बायका आणि म्हातारी माणसं. काहींनी लगेच ही भीती अवास्तव ठरवली. मला हा निष्कर्ष फार उतावीळ वाटतो. सकाळी फिरायला निघालेली बाई मोटारसायकलचा आवाज आला की मंगळसूत्र पदराआड घेते, क्लासहून येणारी मुलगी लांबच्या पण दिवे असलेल्या रस्त्यानं घरी जाते. त्यांच्या बाबतीत गुन्हा घडत नाही, त्यामागं ही रोजची खबरदारीही असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ केनेथ फेरारो यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की बायकांच्या चोरी-दरोड्याच्या भीतीमागंही लैंगिक अत्याचाराची भीती उभी असते.

पुढं ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञ स्टीफन फॅरल आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला : गेल्या वर्षभरात खरोखर भीती वाटली का, किती वेळा, किती तीव्र? अशानं रोजची धास्ती आणि मोघम काळजी वेगळी काढता येते.

आपल्याकडं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालय (स्थापना १९८६) मोजतं ते पोलिसांत नोंदलेले गुन्हे. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये सुरक्षिततेची मोठी पाहणी प्रसिद्ध केली, पण ती दिल्ली, मुंबई, चेन्नई, बेंगळुरूची.

सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात मुलं पळवणारी टोळी समजून उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना लोकांनी मारहाण केली. पोलिसांत नोंद झाली ती या मारहाणीची. त्याआधी गावात भीती कधीपासून होती, मोबाइलवर काय फिरत होतं, हे गुन्ह्याच्या आकड्यात येत नाही. आपल्या भागात पाहणी करायची तर हेच विचारावं लागेल : भीती कुणाची, कुठल्या महिन्यात, कुठल्या वाटेवर, आणि ती बातमी कुणी सांगितली?