समुद्रकाठचं घर आणि सळईवरचे ५० मिलिमीटर

गेल्या मे महिन्यात गुहागरला मावशीकडे गेलो, त्याच्या आदल्या रात्री गच्चीखालच्या छज्जाचा परातीएवढा तुकडा ओटीवर पडला होता. घराला २० वर्षंही झालेली नाहीत. तुकडा उचलून पाहिला. एका बाजूला सळईची पन्हळ उमटलेली आणि तिच्यात पापुद्रे सुटणारा तपकिरी गंज. पन्हळीपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतचं काँक्रीट पट्टीने मोजलं, तर १८ मिलिमीटर भरलं. शेजारची चिऱ्याची जुनी पडवी मात्र धडधाकट उभी आहे. "पूर्वीचं सिमेंट चांगलं होतं," असं घरात सगळे म्हणतात. पण पडवीत सिमेंट नाहीच. जांभा आहे, चुना आहे आणि लोखंड अजिबात नाही.

दिवेआगरपासून मालवणपर्यंत आज कितीतरी लोक हौसेने घरं बांधतायत. आर्किटेक्टला द्यायच्या यादीत समुद्र दिसेल अशी खिडकी असते, झोपाळा असतो, बाहेर न्हाणी असते. माझ्या मते त्या यादीत पहिली ओळ सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीची हवी. बांधकामावर तिला 'कव्हर' म्हणतात.

काँक्रीटमधली सळई मुळात गंजत का नाही? सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना चुना तयार होतो आणि काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा सामू (पीएच) १२.५ ते १३ इतका चढतो. अशा अल्कधर्मी पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. सळईचं संरक्षण तो करतो.

आता समुद्राकडे बघा. लाट फुटली की फेसातला प्रत्येक बुडबुडा फुटताना बारीक तुषार हवेत उडवतो. वारा ते किनाऱ्यावर आणतो आणि मीठ भिंतीवर बसतं. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं, तर समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच. कोकणच्या हवेत ही भिंत खऱ्या अर्थाने कधी वाळतच नाही. उघड्या भिंतीवरचं मीठ पावसाने धुऊन तरी जातं. छज्जाच्या खालच्या बाजूला पाऊस लागत नाही, तिथे ते साठत राहतं. मावशीचा तुकडा नेमका तिथूनच सुटला.

साठलेल्या मिठातलं क्लोराइड ओल्या छिद्रांतून आत झिरपतं आणि या झिरपण्याचा नियम मला फार आवडतो: लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. समजा २० मिलिमीटर आत पोचायला ८ वर्षं लागली, तर त्याच काँक्रीटमध्ये ४० मिलिमीटरला ३२ आणि ५० मिलिमीटरला ५० वर्षं लागतील. हिशेब ढोबळ आहे, पण बोटभर जाडीने एक पिढी पदरात पडते.

सळईपाशी पुरेसं क्लोराइड जमलं की तो पापुद्रा एका ठिकाणी फुटतो. तो ठिपका धनाग्र होतो. तिथलं लोखंड विरघळतं आणि सुटलेले इलेक्ट्रॉन सळईतून आजूबाजूच्या शाबूत भागाकडे जातात, जिथे पाणी आणि ऑक्सिजन त्यांना उचलून घेतात. तो भाग म्हणजे ऋणाग्र. धनाग्र चिमुकलं आणि ऋणाग्र ऐसपैस, म्हणून गंज पसरण्याऐवजी खोल खड्डा पाडतो. खड्ड्यातल्या लोह क्लोराइडवर पाण्याची क्रिया होऊन आम्ल तयार होतं आणि क्लोराइड पुन्हा मोकळं होतं. म्हणजे ते जवळजवळ खर्चच होत नाही, तेच पुन्हा कामाला लागतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट होतं आणि आतून आलेल्या या ताणाने काँक्रीट तडकतं. पडलेल्या जागी नुसता गिलावा केला, तर आतापर्यंत ऋणाग्र म्हणून वाचलेला शेजारचा भाग धनाग्र होतो आणि पुढचा तुकडा तिथून सुटतो.

काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक ४५६ (२०००) हे सगळं आकड्यांत सांगतं. किनाऱ्यावरच्या काँक्रीटला किमान ४५ मिलिमीटर कव्हर आणि एम ३० दर्जा (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत). लाटांचे तुषार थेट येत असतील तर ५० मिलिमीटर आणि एम ३५. दोन्हीकडे पाणी आणि सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर नको. स्लॅग सिमेंट, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं सिमेंट घ्यावं, ते क्लोराइड अडवतं. पण त्याला किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस पाणी मारायला हवं. काँक्रीट कालवायला विहिरीचं पाणी घेणार असाल तर ते आधी तपासा. मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराइडची आहे आणि समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० मिलिग्रॅम असतं. गोड्या पाण्याच्या ९७ बादल्यांत समुद्राच्या ३ पडल्या तरी मर्यादा ओलांडते. आणि सळईखाली खडीचा तुकडा सरकवू देऊ नका, सळई ठरलेल्या अंतरावर धरणारे मापाचे कव्हर ब्लॉकच लावून घ्या.

टीएमटी सळई म्हणजे गंजमुक्ती, हा समज सोडा. तापलेली सळई पाण्याने झटकन थंड करण्याची ती प्रक्रिया सळईला ताकद देण्यासाठी आहे. मावशीला तर कुणीतरी पश्चिमेला पाणी असल्याचा वास्तुदोष सांगून तोडगे विकले. कोकणात समुद्र पश्चिमेलाच असणार! त्या दिशेने येतं ते खारं वारं, आणि त्यावर उपाय काँक्रीटमध्येच करावा लागतो. या असल्या सल्ल्यांचा मला मनापासून राग येतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. प्लॉट घेण्याआधी सागरी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) रेषा पाहा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात लोकवस्तीच्या घनतेप्रमाणे भरती रेषेपासून ५० किंवा २०० मीटरचा पट्टा ना-विकास, म्हणजे नवं बांधकाम करता न येणारा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, म्हणून छप्पर भिंतीला पक्कं बांधा. बिजागऱ्या, स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. त्यातलं मॉलिब्डेनम क्लोराइडला तोंड देतं.

परत निघण्याआधी छज्जाचा ताजा टवका काढून त्यावर सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण फवारलं. क्लोराइड असेल तिथे पांढरं, नसेल तिथे तपकिरी. सळईच्याही पलीकडे, ३० मिलिमीटरपर्यंत पांढरं झालं. मग घराच्या आडोशाला असलेल्या पूर्वेकडच्या खांबाचा कोपरा फोडला. तिथे पांढरा पट्टा जेमतेम १० मिलिमीटरचा होता आणि सळई २५ वर. मावशीला तो पट्टा दाखवला आणि दोघांनी मिळून पश्चिमेकडच्या प्रत्येक छज्जावर हातोडी वाजवत बद्द आवाज येईल तिथे खडूने खुणा केल्या.