मॉड (व्हिडिओ गेम)

मॉड : बाजारात आलेल्या तयार व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्यांनी स्वतः केलेला बदल. ‘मॉडिफिकेशन’चे हे आखूड रूप. बदल एखाद्या खेळाडूच्या टी-शर्टच्या रंगाएवढा किरकोळ असतो, तसा मूळ गेमची ओळखही पटू नये एवढा मोठाही असतो. तो करणाऱ्याला मॉडर म्हणतात. मुंबईत एके काळी ‘मॉड’पेक्षा ‘पॅच’ हा शब्द जास्त कानावर यायचा आणि तोही बहुतेक वेळा एकाच गेमच्या बाबतीत, त्याविषयी पुढे. हल्लीच्या शाळकरी मुलांच्या तोंडी मॉड म्हणजे बऱ्याचदा ‘मॉड एपीके’ असते : मोबाइल गेमची फोडलेली प्रत, ज्यात नाणी संपत नाहीत आणि पैसे भरून मिळणाऱ्या गोष्टी फुकट मिळतात. ती वेगळी भानगड आहे, इथे ती धरलेली नाही.

मॉडने गेम सुधारतो की बिघडतो, हा वाद मॉडइतकाच जुना. पोथीची नक्कल करता करता कुणीतरी पदरची ओवी मध्येच घालायचा. संपादक तिला क्षेपक म्हणतात आणि काढून टाकतात, पण घरातल्या आजीला नेमकी तीच पाठ असते. गेमच्या बाबतीत फरक एवढाच, की इथे मूळ प्रत बहुधा शाबूत राहते आणि पदरची ओवी वेगळ्या फाइलीत असते.

माल आणि यंत्र

कोणत्याही गेमचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला इंजिन म्हणतात. दुसरा त्याला लागणारा माल : चित्रे, आवाज, नकाशे, खेळाडूंच्या याद्या. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीच्या वुल्फेन्स्टाइन ३-डी या गेमच्या फाइली खेळणाऱ्यांनी खटपट करून बदलल्या होत्या. ते पाहून कंपनीचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने पुढच्या डूम (१९९३) या गेममध्ये सगळा माल मुद्दाम ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवला. आपला नकाशा करायचा, त्याची वेगळी वॅड बनवायची, मूळ फाइलीला हात न लावता ती वरून चढवायची. आजही मॉडिंगची पद्धत बव्हंशी हीच आहे. १९९७ मध्ये कंपनीने डूमचा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूरही, खुला केला, म्हणजे यंत्राचीही किल्ली देऊन टाकली. असा दिलदारपणा विरळा.

इतर ठिकाणी यंत्र बंदच असते. मॉडरचा हात मालापर्यंत सहज पोहोचतो, यंत्रापर्यंत क्वचित. त्यामुळे मॉडने गेम सुधारला का, हे विचारण्याआधी कंपनीने कोणते दार उघडे ठेवले होते, हे पाहिले पाहिजे. या नोंदीच्या लेखकाच्या मते अर्धा वाद तिथेच मिटतो.

क्रिकेट ०७

ईए स्पोर्ट्सचा हा गेम २००६ मध्ये विंडोज आणि प्लेस्टेशन २ साठी आला. त्याचे अधिकृत हक्क मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडपुरते, अॅशेस मालिकेभोवती बेतलेले. भारताच्या संघाचे हक्क नसल्याने आपल्या खेळाडूंची नावे मोडूनतोडून दिलेली होती. चेहरे तर कुणाचे कुणालाच. त्यानंतर ईएने पीसीसाठी क्रिकेटचा गेम काढला नाही. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, घराघरात मुंबई इंडियन्सचे निळे टी-शर्ट आले आणि कॉम्प्युटरवर मात्र तेच काउंटी संघ.

ही पोकळी पॅचनी भरली. भारतातल्या, पाकिस्तानातल्या हौशी मुलांनी टी-शर्ट, हेल्मेट, बॅटवरचे स्टिकर, चेहरे, मैदाने, मैदानाभोवतीच्या जाहिराती असे एकेक करून सगळे बदलले. नवा संघ जोडायची सोय गेममध्ये नव्हती. जो संघ आधीच आहे त्याच्याच जागी नवा बसवायचा. गिरगावात खोली रिकामी मिळत नाही, कुणाच्या तरी नावावरची घ्यावी लागते, तसा हा प्रकार. मुंबई इंडियन्स आत यायची तर कुठल्या तरी संघाला बिऱ्हाड हलवावे लागे.

पॅच बसवणे हा एक विधी होता. पेन ड्राइव्हवरून फोल्डर घ्यायचे, ते गेमच्या फोल्डरमध्ये पेस्ट करायचे. ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?’ असे कॉम्प्युटर विचारतो. त्याला पूर्ण न वाचता ‘येस टू ऑल’. मग गेम उघडला तर नशीब, नाहीतर काळा पडदा आणि परत डेस्कटॉप. शहाणा मुलगा आधी मूळ फोल्डरची कॉपी करून तिला ‘ओरिजिनल’ नाव देऊन ठेवायचा. लेखक शहाणा नव्हता. परीक्षेनंतरच्या सुट्टीत एका संध्याकाळी त्याने असा गेम उडवला. मग धाकट्या मामेभावाला घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला, सीडीचा पत्ता विचारत ग्रँट रोड स्टेशनपर्यंत पायपीट केली. घरी आल्यावर कळले, की मामेभावाच्या कॉम्प्युटरवर गेम धडधाकट होता. त्याला कुणी विचारलेच नव्हते.

पॅच लागला की वानखेडेवर निळा संघ उतरायचा, स्कोअरबोर्ड टीव्हीसारखा दिसायचा. कॉमेंट्री मात्र रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचीच. चेंडू स्टँडमध्ये जाऊन पडला तरी ते दोघे लॉर्ड्सवर चहाच्या वेळी बोलावे तितक्याच शांतपणे बोलायचे. आणि मूळ रोग? तो तसाच. एक-दोन हुकमी फटके सापडले, की कॉम्प्युटरच्या कोणत्याही गोलंदाजाला कोणत्याही खेळपट्टीवर बडवता यायचे, कारण गोलंदाज कसा विचार करतो हे गणित बंद प्रोग्रॅममध्ये होते. पॅचनी क्रिकेट ०७ मधले सगळे सुधारले, क्रिकेट तेवढे राहिले. तरीही हा गेम इतकी वर्षे टिकला तो पॅचमुळेच, याबद्दल दुमत होऊ नये.

पाटी रत्नागिरीची, रस्ता जावाचा

मोबाइलवर हीच हौस बस सिम्युलेटर इंडोनेशिया या गेमने भागवली. मालेओ या इंडोनेशियन कंपनीचा हा गेम २०१७ चा. वाहनांचे मॉड टाकायची सोय कंपनीनेच दिलेली. त्यातली सोपी पायरी म्हणजे लिव्हरी : बसच्या अंगावर चढवायचे एक सपाट चित्र. ते रंगवायला प्रोग्रॅमिंग लागत नाही, नजर लागते. महाराष्ट्रातल्या मुलांनी त्यात लालपरी आणली, शिवनेरी आणली, शिवशाही आणली. नुसता लाल रंग देऊन भागत नाही. एसटीचे बोधचिन्ह, आगाराचे नाव, काचेवरची पाटी, मागची शिडी यांत काही चुकले, तर एसटीवेडी मंडळी खाली प्रतिक्रियांत ताबडतोब सांगतात. पाटी मुंबई-रत्नागिरीची असते आणि गाडी धावते जावा बेटावरच्या रस्त्याने, मशिदी आणि भातखाचरांमधून. हे जोड विजोड वाटत नाही याचे एक साधे कारण असे, की इंडोनेशियातही वाहने डावीकडूनच चालतात, ड्रायव्हर उजव्याच बाजूला बसतो. जर्मनी किंवा अमेरिकेतल्या रस्त्यावरचा गेम असता तर लालपरी उलट्या बाजूने हाकावी लागली असती.

त्याआधी हेच रेल्वेवेड्यांनी केले होते. मायक्रोसॉफ्टच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये (२००१) सहा मार्ग होते, भारतातला एकही नव्हता. हौशी मंडळींनी आपली इंजिने, डबे आणि मार्ग स्वतः घडवून त्यात घातले.

मॉडचाच गेम होतो तेव्हा

मुंबईच्या सायबर कॅफेंत ताशी पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळलेल्या पिढीतल्या अनेकांना आपण मॉड खेळतो आहोत याचा पत्ता नव्हता. हाफ-लाइफ (१९९८) या गेमवर मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये केलेला हा मॉड. हाफ-लाइफची कंपनी व्हॉल्व्ह हिने तो २००० मध्ये विकत घेऊन बाजारात आणला. कॅफेत ज्याच्यावरून भांडणे व्हायची तो ‘डस्ट टू’ हा नकाशाही कंपनीचा नव्हे, एका हौशी ब्रिटिश तरुणाचा, २००१ मधला. वॉरक्राफ्ट ३ मधल्या डोटा या मॉडवरून पुढे लीग ऑफ लेजेंड्स (२००९) आणि डोटा २ (२०१३) हे गेम निघाले. आणि लोकलच्या डब्यात, चाळीच्या जिन्यावर जो पबजी खेळला गेला, त्याचे मूळही चेक कंपनीच्या आर्मा या लष्करी गेमवरच्या मॉडमध्ये आहे. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीनने आधी तिथे ‘शेवटी उरेल तो जिंकला’ हा डाव मांडून पाहिला. त्यावरून २०१७ मध्ये स्वतंत्र गेम झाला, पुढच्या वर्षी तो मोबाइलवर आला.

मॉडने गेम बिघडतात असे म्हणणाऱ्यांना या यादीचे उत्तर देणे कठीण जाते.

बिघाडाची बाजू

बिघाड होतो तो बहुतेक वेळा चवीचा नव्हे, सहमतीचा. गल्ली क्रिकेटमध्ये प्रत्येक गल्लीचा कायदा वेगळा : एक टप्पा एक हात आउट, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर आउट, आणणारही तूच. कायदा कितीही विचित्र असो, तो टॉसच्या आधी ठरलेला असतो. ऑनलाइन सामन्यात एकानेच भिंतीपलीकडचे दिसणारा किंवा आपोआप नेम धरणारा बदल बसवला, तर तो मॉड राहत नाही, रडीचा डाव होतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हा आक्षेप लागू नाही. तिथे कुणी गेम सोपा करणारा मॉड लावला तर तो कच्चा लिंबू ठरेल फार तर. आणि कच्च्या लिंबाला खेळू द्यायची आपल्याकडे रीत आहे.

गेमकर्त्याच्या मनातला परिणाम हा दुसरा मुद्दा. स्कायरिम (२०११) मधल्या आग ओकणाऱ्या ड्रॅगनच्या जागी लहान मुलांच्या कार्यक्रमातले टॉमस हे रेल्वे इंजिन बसवणारा मॉड प्रसिद्ध आहे. शिट्टी वाजवत इंजिन आकाशातून अंगावर येते. मूळ गेमच्या भारदस्तपणाची त्यात माती होते, यात शंका नाही. पण तो चुकून कुणाच्या कॉम्प्युटरवर जात नाही. ज्याला माती करायची आहे तोच आणतो.

तिसरी तक्रार लेखकाला सगळ्यांत खरी वाटते, आणि ती मॉडरविरुद्ध नाही. डार्क सोल्स २०१२ मध्ये पीसीवर आला तेव्हा पडदा कितीही मोठा असो, चित्र आतून कमी रिझोल्यूशनचेच राहायचे. एका हौशी प्रोग्रॅमरने ते लगोलग दुरुस्त केले. व्हॅम्पायर : द मॅस्करेड – ब्लडलाइन्स (२००४) हा गेम अर्धाकच्चा बाजारात आला, पुढच्याच वर्षी तो करणारा स्टुडिओ बंद पडला आणि त्याची डागडुजी चाहतेच वर्षानुवर्षे करत राहिले. पोरे नीट करून घेतील, या भरवशावर कंपन्या कच्चा माल विकू लागल्या तर दोष पोरांना देता येत नाही.

फाइल कुठून घेतली हेही महत्त्वाचे. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या काही मॉडमधून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम पसरला, तोही नावाजलेल्या साइटवरून.

पैसा आणि कायदा

एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह आणि स्कायरिमची कंपनी बेथेस्डा यांनी त्या गेमचे मॉड विकत देण्याचा प्रयोग केला. किमतीतला २५ टक्के वाटा मॉडरला, उरलेला दोन कंपन्यांना. एवढा गदारोळ झाला, की काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला. अमेरिकेतल्या न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंना आहेत. गेम जिनी या उपकरणाने खेळापुरता होणारा तात्पुरता बदल १९९२ मध्ये न्यायालयाला चालला, तर ड्यूक न्यूकेम ३-डी साठी खेळणाऱ्यांनी केलेल्या लेव्हल सीडीवर भरून विकणाऱ्या कंपनीला १९९८ मध्ये चपराक बसली.

भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम हे ‘साहित्यकृती’त मोडतात. कलम ५२ रीतसर प्रत बाळगणाऱ्याला, ती ज्या कामासाठी दिली त्या कामापुरता, तिच्यात फेरफार करू देते. कृतीची मोडतोड करून लेखकाची बदनामी होत असेल तर कलम ५७ लेखकाला दाद मागू देते, पण वरच्या फेरफाराला या हक्कातून वगळलेले आहे. स्वतःपुरता बदल आणि तो वाटणे किंवा विकणे यांतली रेघ मात्र मॉडरने विसरू नये. ज्यांचे गेमच चोरीच्या सीडीवरचे होते, त्या आमच्या पिढीला हे कलम कितपत लागू झाले असते, तो प्रश्न न काढलेला बरा.

मराठीत

गेममधला मजकूर मराठीत आणणारे मॉड दुर्मीळ आहेत. याचे खापर नुसत्या अनास्थेवर फोडता येत नाही. जुन्या गेममध्ये अक्षरे म्हणजे एका तक्त्यावर काढलेली छोटी चित्रे असतात आणि इंजिन ती एकापुढे एक मांडत जाते. रोमन लिपीचे त्यात भागते. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी जाते, रफार डोक्यावर चढतो, ‘क्ष्म’सारखी जोडाक्षरे लागतात. हे जुळवण्याचे काम यंत्राचे, आणि यंत्र बंद. मग मराठी येते ती चित्रातून : बसची पाटी, दुकानाचा फलक, भिंतीवरची घोषणा.

अपडेट

चालू गेमच्या मॉडरला कंपनीच्या अपडेटची धास्ती असते. फॉलआउट ४ साठी लंडन शहर उभारणाऱ्या मॉडचे प्रकाशन एप्रिल २०२४ च्या अधिकृत अपडेटमुळे लांबले आणि तो जुलैत आला. खेळणाऱ्यांना आपला गेम आधी जुन्या आवृत्तीवर न्यावा लागला. क्रिकेट ०७ ला ही धास्ती नाही. तिथे दर वर्षी आयपीएलचा लिलाव झाला, की संघांच्या याद्या तेवढ्या नव्याने भराव्या लागतात.