ओआसचे सगळे ‘आर’: फिलिपिनो आडनाव वेगळं, आंगकान वेगळं

जहाजाच्या क्रू लिस्टवर, म्हणजे खलाशांच्या यादीवर, दोन नावं एकाखाली एक होती. बोसनचं (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आडनाव इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारं, ऑइलरचंही (इंजिनरूममधला खलाशी) ‘आर’नेच, आणि दोघांचं जन्मगाव एकच: ओआस, प्रांत अल्बाय, फिलिपिन्स. मी तेव्हा थर्ड ऑफिसर होतो, यादी माझ्याकडेच असायची. हे दोघे भाऊबंद आहेत असं मी मनाशी धरून चाललो. मी रत्नागिरीकडचा. एका गावची, एका वळणाची आडनावं दिसली की कुठेतरी भावकी निघणारच, हे डोक्यात पक्कं.

चार महिन्यांनी एका पहाटे बोसनची आजी, आईची आई, गेल्याचा निरोप आला. बोसनला भेटून मी ऑइलरच्या केबिनचं दार वाजवलं. तुझीही कोणीतरी लागत असेल, म्हणालो. तो गोंधळला. “नाही सर, आम्ही नुसते एका गावचे. तुम्ही कुकला भेटा.” चीफ कुक होता दारागा गावचा, आडनाव ‘एम’ने सुरू होणारं. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, तो भाताचे तांदूळ धूत उभा होता आणि रडत होता. गेलेली म्हातारी त्याची आजीच, बापाची आई. “लोला,” एवढंच म्हणाला. लोला म्हणजे आजी.

वर येऊन मी यादी पुन्हा उघडली. बोसनच्या नावात मधल्या जागी कुकचं आडनाव छापलेलं होतं. चार महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला वाचता आलं नव्हतं.

तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेला नाही. आखातात, जहाजांवर, इस्पितळांत आपल्या माणसांचं रोजचं काम फिलिपिनो माणसांबरोबर असतं, आणि आडनाव व कूळ यांची गल्लत आपण सगळेच करतो.

आडनावाला तिकडे ‘अपेल्यिदो’ म्हणतात. शब्द स्पॅनिशमधून आलेला. एका मूळ जोडप्यापासून फुटलेला जो सगळा गोतावळा, तो ‘आंगकान’. आपल्याकडे आडनाव, कूळ, देवक, गोत्र हे सगळं बापाच्या बाजूने येतं, म्हणून आडनाव ही कुळाची पाटी वाटते. फिलिपिनो गावात ही पाटी सरकारने लावलेली आहे, आणि तीही एका ठरावीक साली.

ते साल १८४९. त्याआधी फिलिपिन्सच्या सखल भागातल्या बहुतेक माणसांना बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव नव्हतं. कित्येक ठिकाणी तर उलटं होतं. पहिलं मूल झालं की बाप ‘अमुकचा बाप’ म्हणून ओळखला जायचा. स्पॅनिश पाद्री आल्यावर बाप्तिस्म्याबरोबर संतांची आणि धर्मातली नावं आली. दे ला क्रूस, दे लोस सांतोस, देल रोसारिओ अशी नावं लोकांनी इतकी घेतली की एका गावात त्याच नावाची माणसं मोजता येईनात. बापाचं एक, मुलाचं दुसरं, भावाचं तिसरं. कर कोणाकडून वसूल करायचा आणि पळालेला माणूस कसा शोधायचा, हा स्पॅनिश सरकारपुढचा प्रश्न होता.

२१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने फर्मान काढलं. (याच माणसाने कॅलेंडरची जुनी चूक सुधारण्यासाठी ३१ डिसेंबर १८४४ हा दिवस फिलिपिन्सच्या पंचांगातून पुसून टाकला होता. सोमवारनंतर थेट बुधवार.) आडनावांची एक वर्णानुक्रमाने लावलेली यादी छापली गेली. तिच्यात सुमारे ६१ हजार आडनावं होती. स्पेनमधली तर होतीच, शिवाय झाडं, प्राणी, खनिजं, गावं यांची नावं आणि पाद्र्यांनी गोळा केलेले स्थानिक भाषांमधले शब्दही होते. यादीचे भाग प्रांताप्रांतात गेले. प्रांताधिकाऱ्याने गावांना अक्षरं आणि पानं वाटून दिली. गावात पाद्री, गावप्रमुख आणि करवसुली करणारे कारभारी यांच्यासमोर प्रत्येक घरच्या कर्त्याने एक आडनाव घेतलं किंवा त्याला ते देण्यात आलं. शाळामास्तरांनाही हुकूम होता: मुलांना नव्या आडनावानेच ओळखायचं आणि हाक मारायची.

अल्बाय प्रांतात हे वाटप इतकं शिस्तीत झालं की ते आज नकाशावर बोट ठेवून वाचता येतं. सोर्सोगोन आणि कातान्दुआनेस हे तेव्हा अल्बायचेच भाग होते. प्रांताच्या मुख्य गावाला ‘ए’. तिथून किनाऱ्याने ताबाको आणि पुढे तिवीपर्यंत ‘बी’, ‘सी’. सोर्सोगोनच्या किनाऱ्यावर ‘ई’ ते ‘एल’. मग मायोन ज्वालामुखीच्या पायथ्याच्या खोऱ्यात दारागाला ‘एम’, कामालिगला ‘एन’, गिनोबातानला ‘ओ’, ओआसला ‘आर’, पोलांगी आणि लिबोनला ‘एस’. उरलेली अक्षरं कातान्दुआनेस बेटावर. अमेरिकनांशी लढणारा आणि १९०३ मध्ये शरण आलेला सेनानी सिमेओन ओला गिनोबातानचा. त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर पाहा. रोंब्लोन प्रांतातल्या बांतोन बेटावर तसंच ‘एफ’चं राज्य आहे.

मराठी माणसाला हे एका शब्दात सांगायचं तर ओआसचा ‘आर’ म्हणजे आपलं ‘कर’. चिपळूणकर म्हटल्यावर गाव कळतं, रक्त कळत नाही. दोन चिपळूणकर एकाच जातीचे असतील असंही नाही. फरक एवढाच की आपलं ‘कर’ बहुतेकदा गाव सोडलेल्याला चिकटतं, आणि ओआसचा ‘आर’ गावातच बसलेल्यांना वाटला गेला.

म्हणून एका खोऱ्यात सख्ख्या नात्यातली दोन घरं दोन गावांत राहत असतील, तर फर्मानानंतर एकाचा ‘एम’ झाला, दुसऱ्याचा ‘आर’. आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता अशी शंभर घरं एका अक्षराखाली आली. मला यात सर्वांत लागून राहणारी गोष्ट ही की फर्मानात दिलेल्या कारणांमध्ये रक्ताचं नातं हेही एक कारण होतं. लग्न ठरवताना वधूवर कितव्या पिढीत एक होतात हे चर्चच्या वह्यांवरून कळत नाही, अशी सरकारची तक्रार होती. पुढच्या पिढ्यांत बापाची ओळ वह्यांतून स्पष्ट दिसू लागली, हे खरं. पण १८४९ च्या मागची ओळ नव्या आडनावाने बहुतेकांची झाकली गेली.

सगळीकडे हे सारखं झालं नाही. चार पिढ्या एकच आडनाव चालवल्याचं दाखवणाऱ्या घरांना ते ठेवण्याची मुभा होती. पांगानिबान, दिमायुगा यांसारखी तागालोग (फिलिपिन्समधली एक मुख्य भाषा) आडनावं टिकली. चिनी होक्कियन मुळाची लाक्सोन, तुआसोन ही आडनावंही आहेत. त्यांच्या शेवटी जो ‘सोन’ आहे तो ‘नातू’ या अर्थाचा मानतात. डोंगरातले इगोरोत आदिवासी आणि मिंदानाव बेटावरचे मुस्लिम या वाटपाच्या बाहेरच राहिले. आणि स्पॅनिश आडनाव दिसलं म्हणून स्पॅनिश रक्त समजायचं, ही तर साफ चूक. ते पानावरून उचललेलं नाव आहे.

तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. एकाच लहान गावात दोन घरांचं आडनाव नुसतं पहिल्या अक्षराने नाही, पूर्णच सारखं असेल आणि ते दुर्मीळ असेल, तर दोन्ही घरं १८४९ च्या एकाच चुलीपर्यंत जाण्याची शक्यता चांगली असते. रेयेस, सांतोस, क्रूस यांच्याबाबतीत हा अंदाज बांधू नये.

आता आंगकान. आपल्या कुळापेक्षा ही कल्पना मुळातच वेगळी आहे, कारण ती दोन्हीकडून मोजतात. आईकडचे आणि बापाकडचे नातेवाईक सारख्याच वजनाचे. आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ या आपल्या चार शब्दांच्या जागी तागालोगमध्ये एकच शब्द, ‘पिन्सान’. तो कुठल्या बाजूचा हे शब्दात येत नाही, किती जवळचा हे येतं: ‘पिन्सांग बुओ’ म्हणजे सख्ख्या भावंडांची मुलं, ‘पिन्सांग माकालावा’ म्हणजे त्याच्या पुढची पिढी. माझा बोसन आणि कुक हे ‘बुओ’. आपल्या हिशेबात ते आतेभाऊ-मामेभाऊ, म्हणजे वेगळ्या कुळांतले, आणि महाराष्ट्रात कित्येक समाजांत आते-मामे भावंडांचं लग्न चालतं, मामाच्या मुलीवर तर हक्कच सांगतात. फिलिपिन्सच्या १९८७ च्या कुटुंब कायद्यात असं लग्न रद्दबातल आहे. चौथ्या नात्यापर्यंत, म्हणजे सख्ख्या चुलत-मामे-आते-मावस भावंडांपर्यंत मनाई. आडनाव एक की दोन, हे कायदा विचारत नाही.

आंगकानचं संमेलन भरतं तेव्हा हे डोळ्यांना दिसतं. मूळ जोडप्याच्या प्रत्येक मुलाच्या शाखेला एका रंगाचा टी-शर्ट. बोसनच्या मोबाइलवर तसा फोटो होता: पिवळे, हिरवे, लाल असे जथ्थे, आणि मागच्या कापडी फलकावर पणजोबा-पणजीची दोन आडनावं. पिवळ्या जथ्थ्यातच चार-पाच वेगळी आडनावं असल्याचं त्याने एकेक चेहरा दाखवून सांगितलं, कारण मुलींची मुलंही तितकीच त्या आंगकानची.

आडनाव आणि आंगकान यांना जोडणारा टाका म्हणजे नावातलं मधलं पद. आपण मधे बापाचं नाव लिहितो. फिलिपिनो माणूस तिथे आईचं माहेरचं आडनाव लिहितो. लग्नानंतर बाई नवऱ्याचं आडनाव घेते तेव्हा तिचं स्वतःचं आडनाव मधे सरकतं आणि तिच्या आईचं गळून पडतं.

फिलिपिन्सच्या माजी राष्ट्राध्यक्ष कोरासोन आकिनो यांचं उदाहरण घ्या. माहेरी त्या कोरासोन सुमुलोंग कोहुआंको. आई देमेत्रिया ही आंतिपोलोच्या सुमुलोंग घराण्यातली, सिनेटर हुआन सुमुलोंग यांची मुलगी. ‘सुमुलोंग’ हा शुद्ध तागालोग शब्द, अर्थ ‘पुढे सरकणं’. वडील तार्लाक प्रांतातले कोहुआंको. ते घराणं फूजियानहून आलेल्या चिनी पूर्वजाचं, त्याच्या नावाचे तुकडे जोडूनच घराण्याचं आडनाव झालं. लग्नानंतर त्या कोरासोन कोहुआंको आकिनो. सुमुलोंग कागदावरून गेलं. मुलगा, तोही पुढे राष्ट्राध्यक्ष, बेनिग्नो कोहुआंको आकिनो. त्याच्या नावात सुमुलोंगचा मागमूस नाही, पण पणजोबा हुआन सुमुलोंगच. दर पिढीला एक आडनाव गळतं, आंगकान मात्र तेवढंच राहतं.

उलट उदाहरण फिलिपिन्सचा राष्ट्रीय नायक होसे रिझाल याचं. लागुना प्रांतातल्या कालांबा गावचं हे घर मेर्कादो आडनावाचं. ते नाव चीनहून आलेल्या दोमिंगो लामको या पूर्वजाने घेतलेलं. १८४९ नंतर वडील फ्रान्सिस्को यांनी ‘रिझाल’ जोडलं, पण व्यवहारात मेर्कादोच चालू राहिलं. थोरला भाऊ पासियानो हा सुधारणावादी पाद्री फादर बुर्गोस यांच्या जवळचा. १७ फेब्रुवारी १८७२ रोजी बुर्गोस यांच्यासह तीन पाद्र्यांना बंडाच्या आरोपावरून मृत्युदंड झाला, आणि मेर्कादो हे नाव सरकारच्या नजरेत आलं. त्याच वर्षी धाकट्या होसेला मनिलाच्या शाळेत घातलं ते ‘रिझाल’ म्हणून, भावाचं नाव त्याला बाधू नये यासाठी. एकाच आईच्या दोन मुलांची दोन आडनावं, आणि त्यामागे घरचं काळीज.

गोव्याशी तुलना करण्याचा मोह होतो, आणि ती थोडी जमतेही. तिथेही आडनावं परक्या राजवटीत मिळाली, पण एका फर्मानाने गावोगाव नव्हे. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून ती येत गेली. गावकारांचं (गावच्या मूळ घराण्यांचं) वांगड, म्हणजे कूळ, कोणतं, हे आडनावापेक्षा खोल गेलेलं असतं. स्पेलिंगवरून ओळख मात्र सोपी. गोव्याचा फर्नांडिस पोर्तुगीज पद्धतीने ‘एस’ने संपतो, फिलिपिन्सचा फर्नांदेस ‘झेड’ने. गोमेस, लोपेस, रोद्रिगेस यांचंही तसंच.

कुणाच्या गावाची, घराची मनापासून चौकशी करायची असेल तर “तुझं आडनाव कुठून आलं” याने सुरुवात करा, गाव सापडेल. मग विचारा, “आई कोणत्या घरची?” तिथून आंगकान सुरू होतं.

आजीच्या बातमीनंतर पंधरा दिवसांनी बोसन ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, आला होता, सही करायला. मी त्याला त्याच्या नावातलं मधलं पद दाखवलं आणि माझी चूक सांगितली. त्याने यादीत माझं नाव शोधलं. माझं नाव, मधे वडिलांचं नाव, शेवटी आडनाव. त्याने त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, “सर, यात तुमची आई कुठे आहे?” १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव लिहिलं जातं, पण तेव्हा तो नियम नव्हता, आणि त्यातही आईचं माहेरचं आडनाव येत नाहीच. मी पेन घेतलं आणि यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला आईचं माहेरचं आडनाव लिहिलं. बोसनने ते हळूहळू अक्षर लावत वाचलं. मग म्हणाला, “आता कळलं, तुम्ही कोणाचे.”