नेपाळला जाता तसं भूतानला जाता येत नाही

‘नेपाळ-भूतान’ असं एका दमात म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. दोन्ही शेजारी, दोन्हीकडे हिमालय, दोन्हीकडे व्हिसा नको. या शेवटच्या तीन शब्दांनी दर सुट्टीत कोणाचा ना कोणाचा घोळ होतो. ओळखीपाळखीच्यांना हेच फोनवर समजावून सांगून मी थकलो आहे, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

नेपाळ बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते थोडक्यात. 1950 च्या मैत्री करारापासून सीमा खुली आहे. सीमेवरच्या सुनौलीला किंवा रक्सौलला उतरा, कमानीतून पलीकडे जा, झालात नेपाळात. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. परवाना नाही, दिवसाची फी नाही, किती दिवस राहणार हे विचारणारंही कोणी नाही. ट्रेकला जाणार असाल तर त्या भागाचा परवाना काढावा लागतो, पण ती देशात शिरल्यानंतरची गोष्ट.

आता भूतान. भारतीयांना व्हिसा लागत नाही हे खरंच आहे. पण प्रवेश परवाना लागतो आणि तो भूतान सरकार देतं. व्हिसा नको म्हणजे परवानगी नको, असा अर्थ आपण परस्पर लावून टाकतो आणि तिथेच फसतो. नेपाळात कोणाची परवानगीच घ्यायची नसते. भूतानात ती घ्यायची असते, फक्त तिचं नाव व्हिसा नाही. अर्ज, फोटो, कागदपत्रं, कुठे राहणार आणि किती रात्री राहणार, हे सगळं आधी द्यावं लागतं.

मतदार ओळखपत्र चालतं. पासपोर्ट असेल तर त्याची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. मुलांचा जन्मदाखला बरोबर ठेवा.

माझा मावसभाऊ गेल्या वर्षी भूतानच्या सीमेवरच्या, आपल्या बाजूच्या जयगावला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. थिंपूचं हॉटेल त्याच रात्रीचं, पैसे भरलेले. मला फोन आला, “दादा, इथे परमिट मागतायत. नेपाळला तर कोणी काही विचारलं नव्हतं.” ती रात्र त्यांनी जयगावात काढली आणि थिंपूच्या खोलीचे पैसे पाण्यात गेले. जयगाव आणि भूतानातलं फुंतशोलिंग ही भिंतीला भिंत लावून वसलेली गावं आहेत. पलीकडच्या बाजारातून चक्कर मारून येणारी माणसं बघितली की वाटतं, आपणही असेच पुढे जाऊ. पण गावाबाहेर घाट सुरू होतो तिथे रिंचेंडिंगचा नाका आहे. परवाना नसेल तर तिथून गाडी मागे फिरते. थिंपू तिथून पुढे जवळजवळ दीडशे किलोमीटर आहे, सगळा घाटरस्ता. म्हणून अर्ज ऑनलाइन, घरी बसूनच करा. सीमेवर जाऊन बघू म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट नको म्हणून सांगतो.

परवान्याला जोडून येतं ते शाश्वत विकास शुल्क. तिकडे सगळे त्याला एसडीएफच म्हणतात. भारतीयांना माणशी, दर रात्री 1,200 रुपये. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. यात हॉटेल नाही, गाडी नाही, जेवण नाही, मठांची तिकिटंही नाहीत. हे नुसतं तिथे असण्याचे पैसे. नवरा, बायको, आजी आणि आठ वर्षांची नात असं कुटुंब पाच रात्री राहिलं तर मोठ्या तिघांचे 18,000 आणि नातीचे 3,000, म्हणजे 21,000 रुपये प्रवासाचा एक पैसा खर्च व्हायच्या आत जातात. मोजायच्या त्या रात्री, दिवस नाहीत. सहा दिवसांच्या सहलीत रात्री पाचच असतात.

“आम्ही गेलो तेव्हा असलं काही नव्हतं,” असं सांगणारी मंडळी खोटं बोलत नाहीत. 2020 पर्यंत भारतीयांना हे शुल्क नव्हतंच. त्याचा कायदा 2020 साली झाला, मग कोविडमुळे सीमा बंद झाली आणि 23 सप्टेंबर 2022 ला ती उघडली ती या शुल्कासकट. त्यामुळे 2015 साली जाऊन आलेल्या काकांचा सल्ला ऐका, पण तो कड्यावरच्या ताक्त्सांग मठाची चढण आणि लोकरीचे कपडे यापुरताच. पैशांचा हिशोब त्यांच्याकडून घेऊ नका.

हे शुल्क मला स्वतःला पटतं. थोडी माणसं यावीत, पण डोंगर आणि गावं सांभाळून राहावीत, हे त्या देशाने ठरवलं आहे. परवडत नसेल तर नेपाळला जा, तेही तितकंच सुंदर आहे. पण भूतानला जाऊन शुल्कावरून नाक्यावर वाद घालू नका. आपल्या लोकांना तसं करताना मी पाहिलं आहे आणि मला त्याची लाज वाटली.

आधार कार्डाचंही सांगायला हवं. आधार दोन्ही देशांसाठी प्रवासाचा कागद नाही. गोंधळ होतो तो 2019 च्या सवलतीमुळे. 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या भारतीयांना गृहमंत्रालयाने आधार चालेल असं सांगितलं. मग 68 वर्षांचे आजोबा आधारवर काठमांडूला जाऊन येतात, घरभर सांगतात आणि चाळिशीतली सून तेच कार्ड घेऊन विमानतळावर उभी राहते. माझ्या मित्राच्या बायकोला असंच चेक-इन काउंटरवरून घरी परतावं लागलं. भरलेली बॅग, गळ्यात नवीन स्कार्फ, आणि मतदार कार्ड पुण्याच्या कपाटात. भूतानसाठी तर त्या सवलतीच्या भरवशावरही राहू नका, पासपोर्ट किंवा मतदार कार्डच न्या.

बाकी फरक किरकोळ. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, भूतानचं अर्धा तास. भूतानचा न्गुल्ट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा आहे आणि आपल्या नोटा तिथे चालतात. नेपाळात मात्र दोन्ही चलनांचं नाव रुपयाच. आपले शंभर म्हणजे त्यांचे 160, म्हणून भाव ठरवताना “भारू की नेरू?” हे आधी विचारा. भारू म्हणजे भारतीय रुपये.

आणि घरात कोणी अमेरिकन पासपोर्टवाला असेल, तर त्याच्यासाठी वरचं काहीच लागू नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते ओसीआय कार्ड भारतात उपयोगी पडतं, तिकडे नाही. न्यू जर्सीहून आलेल्या मुलाला काठमांडूच्या विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, पंधरा दिवसांचे 30 डॉलर. भूतानला त्याला आधीच व्हिसा काढावा लागतो आणि रात्रीचे 100 डॉलर भरावे लागतात. आईवडिलांचं 1,200 रुपयांचं शुल्क बघून त्याचा हिशोब करू नका. त्याचा अर्ज वेगळा करा, आणि तो सगळ्यांच्या आधी करा.