गेलॅक्सच्या सलूनमधले चौघे आणि ‘जुन्या’ संगीताची गोष्ट

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ॲपलॅचियन डोंगरातल्या संगीताबद्दल एक समजूत पक्की बसली आहे. अठराव्या शतकात इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधून निघालेली माणसं या दऱ्याखोऱ्यांत शिरली, बाहेरच्या जगापासून तुटली आणि पूर्वजांची गाणी त्यांनी जशीच्या तशी जपली, अशी ती समजूत. ऐकायला छान वाटते. व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या गेलॅक्स या गावाची कहाणी मात्र तिला फारशी साथ देत नाही. दर ऑगस्टमध्ये फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजो वाजवणाऱ्यांचा मोठा मेळा इथे भरतो, म्हणून हे छोटंसं गाव अमेरिकेत ओळखलं जातं. इथल्या संगीताला आज ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात. पण त्याला आजचं रूप आलं ते रेल्वे, कापडगिरणी, टपालाने माल विकणाऱ्या कंपन्या आणि ग्रामोफोन यांच्या काळात.

गाव स्वतःही फार जुनं नाही. ब्लू रिज पर्वतरांगेत, ग्रेसन आणि कॅरोल या दोन काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, सीमेवर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या टोकाशी गाव वसलं. १९०६ मध्ये ते रीतसर स्थापन झालं. नाव पडलं एका रानरोपट्यावरून. गोल, चकचकीत, बारमाही हिरव्या पानांचं गेलॅक्स तिथल्या जंगलात उगवतं. डोंगरातली माणसं ही पानं गोळा करून पोत्यांनी विकत, आणि शहरांतले फुलवाले ती सजावटीत वापरत. याच रेल्वेमुळे पुढे लाकूड आलं आणि लाकडामागून फर्निचरचे कारखाने. इथलं पलंग-कपाटं बनवणारं मोठं नाव, वॉन-बॅसेट, १९१९ चं.

थोड्याच अंतरावर न्यू रिव्हरवर धरण बांधून फ्रीझ नावाचं गिरणीगाव उभं राहिलं. गिरणी कंपनीची, घरं कंपनीची, दुकानही कंपनीचं. आजूबाजूच्या शेतांवरून माणसं कुटुंबकबिल्यासह इथे राहायला आली. डोंगरातली शेती ही अशी, की एका घरातून दुसऱ्या घरी जायला टेकडी ओलांडावी लागायची. गिरणीच्या वसाहतीत मात्र पडवीला पडवी लागून. पाळी संपली की वाजवणारी माणसं एकमेकांना सहज भेटत. एका खोऱ्यातली धून दुसऱ्या खोऱ्यातल्या माणसाच्या हातात जायला पूर्वी जेवढा काळ लागत असेल, तेवढा आता लागेना.

वाद्यंही अशीच बाहेरून येत होती. फिडल जुनी, ती स्थलांतरितांबरोबरच आली. गिटारचा मात्र इथे फार बोलबाला नव्हता. ती घरोघरी पोचली सिअर्स-रोबक सारख्या कंपन्यांच्या जाडजूड कॅटलॉगमधून, टपालाने. मांडीवर किंवा छातीशी धरून वाजवायची ऑटोहार्प आज डोंगरी वाद्य म्हणून मिरवते, पण तिचं पेटंट फिलाडेल्फियात १८८२ मध्ये घेतलेलं आहे. ती कारखान्यात तयार होऊन फिरत्या विक्रेत्यांच्या हातून डोंगरात चढली.

आणि बँजो. या डोंगराची खूण म्हणून लोक ज्या वाद्याकडे बोट दाखवतात, ते मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं. पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांवरून त्यांनी ते कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत घडवलं. १८४० च्या दशकात तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांनी ते रंगमंचावर नेलं. डोंगरात ते या तमाशेवाल्यांमुळे आलं, आणि शेतावर, रेल्वेच्या कामावर, नदीच्या धक्क्यावर शेजारी राबणाऱ्या कृष्णवर्णीयांमुळेही. नखाने तार खाली झटकायची आणि अंगठ्याने आखूड तार छेडायची ही इथली क्लॉहॅमर पद्धतही त्यांच्याचकडून आलेली. फिडल युरोपची, बँजो आफ्रिकेचा, आणि दोघांच्या जोडीतून जे निघालं ते ॲपलॅचियाचं.

या पार्श्वभूमीवर १९२३ साली फ्रीझच्या गिरणीतला हेन्री व्हिटर नावाचा कामगार न्यूयॉर्कला जाऊन थडकला आणि रेकॉर्ड करून द्या म्हणाला. गाणारा तो बेताचाच होता. तरी ‘ओके’ नावाच्या तबकडी कंपनीने त्याच्या तबकड्या १९२४ मध्ये बाजारात आणल्या आणि त्या खपल्या. त्यातलं गाजलेलं गाणं कुठल्याही प्राचीन राजाराणीचं नव्हतं. सप्टेंबर १९०३ मध्ये व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलजवळ टपालाची आगगाडी पुलावरून कोसळली होती, त्या अपघाताचं ते गाणं. पुढे न्यूयॉर्कमधल्या व्हर्नन डॉलहार्ट या तयारीच्या गायकाने तेच गाणं व्हिटरच्या तबकडीवरून उचललं आणि ते देशभर गाजलं.

व्हिटरची तबकडी ऐकून कॅरोल काउंटीतल्या अर्नेस्ट स्टोनमन या सुताराला वाटलं, याच्यापेक्षा आपण बरं गातो. त्यात खोटं काही नव्हतं. सप्टेंबर १९२४ मध्ये तोही न्यूयॉर्कला गेला. त्याचं ‘टायटॅनिक’ बुडाल्याचं गाणं चांगलंच चाललं. बातमीतून गाणं करायचं हा इथला जुनाच रिवाज होता, फक्त बातम्या आता रेल्वेच्या आणि आगबोटीच्या होत्या.

तिसरी मंडळी गेलॅक्सचीच. टोनी आल्डरमन गावात केस कापायचा आणि त्याच्या सलूनमध्ये फिडल भिंतीवर असायची. १९२४ मध्ये तिथे त्याची अल हॉपकिन्स आणि अलचा भाऊ जो यांच्याशी गाठ पडली. जो हॉपकिन्स रेल्वेच्या पार्सल कंपनीत नोकरीला, तर अल वॉशिंग्टनमध्ये वाढलेला आणि पियानो वाजवणारा. चौथा जॉन रेक्टर, फ्रीझचा दुकानदार आणि बँजोवादक, व्हिटरबरोबर एकदा न्यूयॉर्क पाहून आलेला. या चौघांनी १५ जानेवारी १९२५ रोजी ओकेसाठी सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. कंपनीच्या राल्फ पीरने तुमच्या वाद्यवृंदाचं नाव काय, असं विचारलं. नाव ठरलेलंच नव्हतं. आम्ही डोंगरातले हिलबिली, वाट्टेल ते नाव द्या, अशा अर्थाचं काहीतरी अल बोलला, आणि पीरने तेच लिहून घेतलं: ‘द हिल बिलीज’. हिलबिली म्हणजे अडाणी डोंगरी गावंढळ. गावी परतताना आल्डरमनला या नावाची लाज वाटत होती. स्टोनमनने नाव ऐकलं आणि तो पोट धरून हसला, याहून चांगलं नाव मिळणार नाही म्हणाला, तेव्हा कुठे त्याला धीर आला. पुढची वीसेक वर्षं हे सगळं संगीतच ‘हिलबिली’ नावाने विकलं गेलं.

न्हावी, सुतार, दुकानदार, पार्सलचा नोकरदार, गिरणीकामगार. यांतला एकही रानातला एकांतवासी नव्हता. तबकड्यांवरच्या जाहिरातींत मात्र लाकडी खोपटं, लांब दाढ्या आणि फाटके पट्टे आले. लोकांना तेच हवं होतं. शहरं वाढत होती, जाझचा गलबला होता, आणि १९२६ च्या सुमारास मोटारी बनवणारा हेन्री फोर्ड स्वतःच जुन्या फिडलवादकांच्या स्पर्धांना पैसे पुरवत होता.

पीर पुढे व्हिक्टर कंपनीकडे गेला. १९२७ च्या उन्हाळ्यात तो यंत्रसामग्री घेऊन ब्रिस्टलला आला. टेनेसी आणि व्हर्जिनिया यांची हद्द या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते. टेनेसीच्या बाजूच्या एका टोप्या-हातमोज्यांच्या कंपनीच्या इमारतीत २५ जुलैपासून दोन आठवडे ध्वनिमुद्रण चाललं, पहिल्या दिवशी स्टोनमनचं. स्टोनमनला आदल्या वर्षी तबकड्यांचे ३,६०० डॉलर मिळाले, ही बातमी स्थानिक वर्तमानपत्राने छापली आणि दुसऱ्या दिवसापासून पीरच्या दाराशी रीघ लागली. क्लिंच पर्वताच्या पायथ्याचं कार्टर कुटुंब आणि मिसिसिपीचा गायक जिमी रॉजर्स हे दोघंही याच पंधरवड्यात पुढे आले. हिलबिलीलाच पुढे कंट्री म्हणू लागले, आणि त्या कंट्री संगीताचा इतिहास सहसा इथून सुरू करतात. माझ्या मते तो दोन-तीन वर्षं आधी, गेलॅक्स आणि फ्रीझमध्ये सुरू झाला होता. ब्रिस्टलला त्याचं दुकान थाटलं गेलं, एवढंच.

दुकानाच्या फळ्याही तेव्हाच ठरल्या. कंपन्यांनी कृष्णवर्णीयांचं संगीत ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून एका यादीत टाकलं आणि गोऱ्यांचं ‘हिलबिली’ किंवा ‘जुन्या चाली’ म्हणून दुसऱ्या. एकाच गावात, कधीकधी एकाच नाचाला वाजवणारी माणसं कॅटलॉगमध्ये वेगळी झाली. फिडल वाजवणारा कृष्णवर्णीय कुठल्याच यादीत नीट बसेना, म्हणून त्याच्या तबकड्या फारशा निघाल्याच नाहीत. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला डोंगर पालथे घालायचा तेव्हा अनेकदा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्या सोबत असे. कार्टर शब्द लिहून घ्यायचा, रिडल चाल डोक्यात ठेवून घरी येऊन वाजवून दाखवायचा. त्याच्याकडून कुटुंबातली गिटारवादक मेबेल कार्टर बरंच काही शिकली. तबकड्यांवर नाव कार्टरांचं. रिडलची दखल घेतली गेली ती १९६० च्या दशकात.

तबकडीवाल्यांचा हेतू निदान सरळ धंद्याचा होता. संस्कृती वाचवायला आलेल्यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. इंग्लंडचा लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प १९१६ ते १९१८ या काळात आपली सहकारी मॉड कार्पेलिससह या डोंगरात एकूण ४६ आठवडे हिंडला आणि दीड हजारांहून अधिक चाली लिहून घेतल्या. दमेकरी माणूस, चिखलातून पायपीट करत घरोघर जायचा. त्याच्या कष्टांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण तो इंग्लंड शोधत आला होता आणि त्याला तेच सापडलं. चर्चमधली भजनं, बँजो आणि कृष्णवर्णीय गायक बहुतेक त्याच्या वहीबाहेरच राहिले.

शार्पची दृष्टी भाबडी म्हणावी, तर जॉन पॉवेलची तशी म्हणता येत नाही. रिचमंडचा हा पियानोवादक आणि संगीतकार गोऱ्यांच्या वंशशुद्धीचा उघड प्रचारक होता. वेगळ्या वर्णांच्या लोकांमधल्या लग्नांना बंदी घालणारा व्हर्जिनियाचा १९२४ चा वंशशुद्धी कायदा संमत करून घेण्यात त्याचा पुढाकार होता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदीच घटनाबाह्य ठरवली तोवर हा कायदा टिकला. हाच पॉवेल १९३१ पासून ग्रेसन काउंटीतल्या व्हाइट टॉप या शिखरावर भरणाऱ्या लोकसंगीत महोत्सवाच्या चालकांपैकी एक होता. काय ‘अस्सल’ आणि काय नाही, हे तिथे वरून ठरवलं जाई. कृष्णवर्णीयांना मंचावर जागा नव्हती. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रुझवेल्ट तिथे आल्या. त्यांचे वडील एकेकाळी जवळच्या ॲबिंग्डनमध्ये राहिलेले. त्या भेटीने महोत्सवाला देशभर प्रसिद्धी मिळाली. तो १९३९ पर्यंत कसाबसा चालला. गिरणीतली आणि शेतावरची जी माणसं तिथे वाजवायला जात, ती बक्षिसासाठी आणि मजेसाठी जात, वंशासाठी नव्हे, हेही नमूद करायला हवं.

तोवर मंदीने तबकड्यांचा बाजार बसला होता. स्टोनमनचं कर्ज वाढलं, घर गेलं, आणि १९३२ मध्ये तो बायकामुलांना घेऊन वॉशिंग्टनच्या आसपास मिळेल ते सुतारकाम शोधायला निघून गेला. त्याच वर्षी अल हॉपकिन्स मोटार अपघातात गेला.

गेलॅक्सचा मेळा १९३५ मध्ये सुरू झाला तो या पडत्या काळात. गावातल्या मूस लॉजला, म्हणजे बांधवसंघटनेच्या स्थानिक शाखेला, निधी हवा होता. फिडलवादकांची स्पर्धा ठेवू, तिकीट लावू, एवढाच बेत. गेलेल्या दिवसांच्या आठवणी जागत्या ठेवायच्या, असा उद्देशही त्यांनी जाहीर केला. सलूनमधल्या चौघांनी ध्वनिमुद्रण करून जेमतेम दहा वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात ते ‘गेलेले दिवस’ झालेसुद्धा! व्हाइट टॉपवर पंडित निवड करत. इथे नाव नोंदवलं की मंचावर जाता येई. व्हाइट टॉप संपला आणि गेलॅक्स चालू राहिला, त्याचं एक कारण मला हे वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्लूग्रास ही याच वाद्यांची नवी, वेगवान शैली आली. बँजो तीन बोटांनी भरधाव वाजवणारा अर्ल स्क्रग्ज हाही नॉर्थ कॅरोलायनातल्या एका सूतगिरणीत काम केलेला. मेळ्याने दोन्ही रीतींसाठी वेगवेगळे गट ठेवले: क्लॉहॅमर बँजो एकीकडे, ब्लूग्रास बँजो दुसरीकडे. १९६० च्या दशकात शहरांतली लांब केसांची तरुण मुलं टेपरेकॉर्डर घेऊन इथे यायला लागली. राज्याची हद्द ओलांडली की टॉमी जॅरेल राहायचा. उभा जन्म रस्तेबांधणी खात्याचं यंत्र चालवून निवृत्त झालेला फिडलवादक. ही मुलं त्याच्या घरी मुक्काम ठोकत, आणि तो त्यांना खाऊपिऊ घालून शिकवायचा. १९८२ मध्ये त्याला राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला.

त्यानंतर ज्या उद्योगांनी हे गाव घडवलं तेच एकेक करून बंद झाले. फ्रीझची गिरणी १९८० च्या दशकाअखेर थांबली. रेल्वे गेली, तिच्या वाटेवर आज ५७ मैलांची पायवाट आहे. चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत शिरल्यावर स्वस्त पलंगांनी अमेरिकी बाजार भरला आणि गेलॅक्सचे फर्निचर कारखाने कोसळू लागले. वॉन-बॅसेटच्या मालकाने चीनविरुद्ध डम्पिंगची, म्हणजे अवाजवी स्वस्त दरात माल ओतण्याची, तक्रार लढवली, आयातकर बसवून घेतला आणि आपला कारखाना चालू ठेवला. बाकीच्या अनेकांना ते जमलं नाही.

मग गावाकडे विकण्याजोगं उरलं काय? संगीतच. २००४ मध्ये व्हर्जिनियाने गेलॅक्स, फ्लॉइड, ब्रिस्टल अशी गावं जोडणारा ‘क्रुकेड रोड’ हा वारसामार्ग जाहीर केला. जुन्या रेक्स थिएटरातून शुक्रवारी रात्री रेडिओवर थेट कार्यक्रम होऊ लागला. सीमेपलीकडच्या स्पार्टा या गावात २००० मध्ये एका शालेय समुपदेशिकेने शाळा सुटल्यावर मुलांना फिडल, बँजो आणि गिटार शिकवायचा उपक्रम सुरू केला होता, तो आता डोंगरातल्या कित्येक काउंट्यांत पसरला आहे. बँजोचा विसरलेला वारसही परतला: २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावी कृष्णवर्णीय बँजोवादकांचं संमेलन भरलं, तिथे भेटलेल्या तरुणांनी ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा वाद्यवृंद काढला आणि २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं.

गेलॅक्सचा मेळा आजही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फेल्ट्स पार्कात भरतो आणि आयोजक अजूनही मूस लॉजच आहे. सोमवारची संध्याकाळ मुलांची, बाकीचे दिवस मोठ्यांचे. पण जाणकार मंडळी मंचासमोर फार वेळ बसत नाहीत. ती मागच्या मैदानात, गाड्या आणि तंबूंच्या मधल्या जागेत असतात, कारण खरं वाजवणं रात्री उशिरा तिथे चालतं.